वृद्धाश्रम ठरवताय? पहिल्या दहा मिनिटांचा हिशेब आधी मागा

वृद्धाश्रमाच्या माहितीपत्रकात सगळ्याचे दर असतात. दोघांच्या खोलीचा वेगळा, एकट्याच्या खोलीचा वेगळा, एसीचा वरखर्च निराळा. बाग, देवघर, योगवर्ग, एकादशीचा फराळ, सगळं फोटोसकट छापलेलं. रात्री अडीच वाजता आजोबांचा श्वास थांबला तर तिथे जागं असलेलं माणूस काय करेल, हे मात्र त्यात कुठेच नसतं. नातेवाइकांना हा प्रश्न अपशकुनी वाटतो, संचालकांना अडचणीचा. मग ज्या गोष्टीसाठी आपण महिन्याला वीस-पंचवीस हजार मोजतो, तिच्याबद्दल एक शब्दही न बोलता डिपॉझिटचा चेक फाडला जातो.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. आश्रम काय करणार, ही एक. आपल्या आई-वडिलांना काय हवंय, ही दुसरी. दोन्ही गोष्टी लेखी असाव्या लागतात. त्यासाठी किती खर्च येतो आणि तो न केल्यास कुठे भुर्दंड बसतो, ते पुढे दिलं आहे. आकडे पुणे, ठाणे, नाशिक या पट्ट्यातले आणि ढोबळ आहेत. गावाप्रमाणे आणि सोयींप्रमाणे ते खाली-वर होतील.

आधी संस्थेचा प्रकार ओळखा

पाटीवर ‘वृद्धाश्रम’, ‘केअर सेंटर’, ‘सीनियर लिव्हिंग’ यांतलं काहीही लिहिलेलं असलं तरी कर्मचाऱ्यांची जबाबदारी संस्थेच्या प्रकारावर ठरते.

ट्रस्टचे वृद्धाश्रम: महिना साधारण ६ ते १५ हजार, काही ठिकाणी मोफत. स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो. अंथरुणाला खिळल्यावर ‘आता दुसरीकडे हलवा’ असं सांगितलं जातं. डॉक्टरांची फेरी आठवड्यातून एक-दोनदा.

खासगी वृद्धाश्रम: १५ ते ३० हजार. मावशी आणि मामा चोवीस तास असतात, सिस्टर बहुधा दिवसपाळीलाच. डॉक्टर फोनवर.

शुश्रूषा केंद्र किंवा असिस्टेड लिव्हिंग: २५ ते ६० हजार, मोठ्या साखळी संस्थांत त्याहून पुढे. राईल्स ट्यूब म्हणजे अन्नाची नळी किंवा कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेल्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सोय. रात्री सिस्टर किंवा ब्रदर असणं इथे अपेक्षित आहे.

ज्येष्ठांच्या सोसायट्या: फ्लॅट विकत किंवा भाड्याने. मेंटेनन्समध्ये आपत्कालीन घंटा आणि रुग्णवाहिकेची सोय दाखवलेली असते. घंटा वाजल्यावर धावून येणारा माणूस सुरक्षारक्षक आहे की प्रशिक्षित परिचारक, हे इथे विचारायचं.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. मात्र खासगी आश्रमात रात्री कोण हजर असावं आणि त्याला काय यावं, यावर या कायद्यात बोट ठेवण्यासारखं काही नाही. उपचार देणाऱ्या शुश्रूषागृहांना नर्सिंग होम नोंदणीचा कायदा लागू होतो. नुसती राहण्या-जेवणाची सोय करणारा आश्रम त्या चौकटीच्या बाहेर राहतो. म्हणून पहिला कागद मागायचा तो नोंदणीचा: ट्रस्ट म्हणून आहे, दुकाने व आस्थापना म्हणून आहे की नर्सिंग होम म्हणून?

संस्थेच्या प्रकारामुळे काय घडू शकतं, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्ड इथे ज्येष्ठांच्या निवासात ८७ वर्षांच्या बाई कोसळल्या. आपत्कालीन सेवेची कर्मचारी फोनवरून ‘छाती दाबा, नाही तर दुसऱ्या कुणाला तरी द्या’ म्हणून विनवत होती. निवासातली परिचारिका मात्र आमच्या धोरणात ते बसत नाही, असं सांगत राहिली. ती जागा ‘स्वतंत्र राहणीमान’ या वर्गातली होती, शुश्रूषागृह नव्हती. पुढे कंपनीने कर्मचाऱ्याने धोरणाचा चुकीचा अर्थ लावल्याचं सांगितलं. कुटुंबीय मात्र, आईला असे कृत्रिम उपाय नकोच होते, असं सांगून संस्थेच्या पाठीशी राहिले. आईची इच्छा एक, संस्थेचं धोरण दुसरं, कर्मचाऱ्याची समजूत तिसरी, आणि आयत्या वेळी समोर धरता येईल असा एकही स्पष्ट कागद नाही. आपल्याकडे तर संस्थेचं धोरणच बहुधा लिहिलेलं नसतं.

पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. शहरातसुद्धा एवढ्या वेळात रुग्णवाहिका दारात येईल, याची खात्री नाही. म्हणजे ही मिनिटं रात्रपाळीच्या मावशींच्या हातात असतात. त्यांना पुढच्या गोष्टी आल्या पाहिजेत.

एक, माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, हे दहा सेकंदांत ओळखणं. दोन, ओरडून दुसऱ्याला बोलावणं आणि त्याला रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगणं. तीन, माणसाला कडक पृष्ठभागावर घेऊन छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहणं आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलणं. हाच सीपीआर. सामान्य माणसासाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेल्या पद्धतीत तोंडाने श्वास देण्याची अट नाही, फक्त दाब द्यायचे. चार, गेटचं कुलूप उघडून लिफ्ट खाली धरून ठेवणं. पाच, त्या माणसाची वैद्यकीय फाइल हातात तयार ठेवणं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे एअर बेड असतो. त्यावर दाब दिला तर गादीच खाली-वर होते, छाती दबत नाही. आधी हवा सोडावी लागते, किंवा पाठीखाली फळी सारावी लागते, नाही तर चादरीसकट जमिनीवर घ्यावं लागतं. ‘एअर बेडची हवा सोडायची खीळ कुठे आहे?’ एवढा एकच प्रश्न आश्रमातल्या ताईंना विचारून बघा. ज्यांनी सराव केलाय त्या वाकून हात लावून दाखवतील.

ऑक्सिजनचंही तेच. कोपऱ्यात सिलिंडर उभा असतो, पण त्यावर बसवायचा रेग्युलेटर आणि झडप फिरवायचा पाना कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापकांच्या घरी. सिलिंडर आहे का, असं विचारू नका. ‘चालू करून दाखवा’ म्हणा.

जिवावर बेतणारा प्रत्येक प्रसंग हृदय बंद पडण्याचा नसतो. घास अडकणं, रक्तातली साखर उतरणं, पडून डोक्याला मार लागणं, तोंड वाकडं होऊन बोबडी वळणं, हे प्रसंग आश्रमात वारंवार येतात. घास अडकल्यावर पाठीत थाप आणि पोटावर दाब. शुद्धीवर असलेल्या मधुमेह्याला आधी ग्लुकोमीटर आणि लगेच साखरेचं पाणी. पक्षाघाताची चिन्हं दिसली तर घड्याळ बघून वेळ टिपायची, कारण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. ‘सकाळी डॉक्टर येतील तेव्हा बघू’ या एका वाक्याने ती मुदत निघून जाते. सीपीआरने वाचतील त्याहून अधिक माणसं या साध्या तत्परतेने वाचतील.

आता सीपीआरबद्दलचं खरं. तरुण माणसाचं हृदय अचानक बंद पडतं आणि शेजारी जाणकार असतो, तिथे त्याचा उपयोग मोठा. नव्वदीच्या, कर्करोगाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने झिजलेल्या देहात तो क्वचितच यशस्वी होतो. बरगड्या मोडू शकतात. परत आलेला माणूस व्हेंटिलेटरवर, बेशुद्ध अवस्थेत राहू शकतो. म्हणून प्रत्येकाला सीपीआर द्यावाच असं नाही. पण तो द्यायचा नाही हे त्या व्यक्तीने डॉक्टरांशी बोलून आधी ठरवायचं असतं. आश्रमाने सोयीपोटी किंवा भीतीपोटी ठरवायचं नसतं.

‘उद्या काही झालं तर आमच्यावर केस होईल’ ही भीती संचालक बोलून दाखवतात. बेशुद्ध माणसाची संमती घेणं शक्य नसताना त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ९२ होतं. पैसे घेऊन देखभाल पत्करल्यावर हात बांधून उभं राहणं संस्थेला जास्त महागात पडू शकतं.

तयारीचा खर्च: माणशी किती?

‘एवढं सगळं परवडत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. चाळीस जणांच्या आश्रमाचा हिशेब मांडून पाहू.

हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी: सुमारे १ लाख २० हजार. त्याचे पॅड दोन-एक वर्षांनी बदलावे लागतात, पुढे बॅटरीही. पाच वर्षांचे मिळून १ लाख ४० हजार, म्हणजे वर्षाला २८ हजार.

प्रशिक्षण: दहा कर्मचारी, माणशी ३ हजार, असे ३० हजार. प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन वर्षांची असली तरी आश्रमात माणसं टिकत नाहीत, म्हणून दरवर्षी ३० हजार धरू. फक्त दाब देण्याच्या पद्धतीची शिबिरं भूलतज्ज्ञांच्या संघटना अनेकदा विनामूल्य घेतात. त्या वर्षी हा खर्च वाचेल.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: ४५ हजार, पाच वर्षांत विभागून वर्षाला ९ हजार.

सक्शन मशीन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), ऑक्सिमीटर, रक्तदाब यंत्र, ग्लुकोमीटर: सगळं मिळून २० हजार, चार वर्षांत विभागून वर्षाला ५ हजार.

बेरीज वर्षाला ७२ हजार. चाळीस जणांत वाटली तर माणशी महिन्याला १५० रुपये.

खरा खर्च माणसांचा. रात्रपाळीची प्रशिक्षित सिस्टर आणि तिच्या सुटीची बदली मिळून महिन्याला ३० हजार धरले तर माणशी ७५० रुपये. एकूण ९०० रुपये. वीस हजारांच्या मासिक शुल्कात ही पाच टक्क्यांचीही वाढ नाही. बारा जणांच्या लहान आश्रमात सिस्टरचा वाटा अडीच हजारांवर जाईल, हे खरं. तिथे सिस्टरऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या दोन मदतनीस आणि जवळच्या डॉक्टरांशी रात्रीच्या फेरीचा करार, असा मार्ग निघतो.

दोन संस्थांच्या दरांत तीन हजारांचा फरक असेल, तर तो संगमरवरी फरशीचा आहे की रात्रीच्या सिस्टरचा, हे पाहून ठरवा. गेल्या महिन्याचा रात्रपाळीचा ड्युटी चार्ट दाखवायला सांगा. एका माणसाकडे किती जण, हा दिवसाचा आकडा कामाचा नाही, रात्रीचा विचारा. आणि ‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेल्या ताईंनी एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलाय, की त्या माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मदतनीस आहेत, तेही. मदतनीस असण्यात वावगं काही नाही. दर मात्र त्याप्रमाणे असावा.

सीपीआर नको असेल तर: कागद आणि त्यांचा खर्च

‘मला नळ्या लावून ठेवू नका रे’ असं आई म्हणते. हे तोंडी वाक्य रात्री अडीच वाजता कुणाच्याच उपयोगाचं नसतं. त्यासाठी दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला, वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला सगळे ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. त्याआधी २०११ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात दशकानुदशकं अचेतन पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात न्यायालयाने हा विषय हाताळला होता. आता सज्ञान आणि मनाने सक्षम व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून दस्तऐवज साक्षांकित करू शकते. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची पूर्वीची अट गेली. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं त्यात देता येतात, आणि मन बदललं तर लेखी रद्दही करता येतं. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांच्या उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा.

खर्च: नोटरीचे काहीशे रुपये आणि झेरॉक्स. वकिलाकडून मसुदा करून घेतला तर ३ ते १० हजार, पण तो करून घ्यायलाच हवा असं नाही. राजपत्रित अधिकारी ओळखीचे असतील तर नोटरीचेही वाचतील.

हे इच्छापत्र आश्रमात आपोआप लागू होत नाही, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याची अंमलबजावणी रुग्णालयात होते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ मत देतं. मग दुसरं मंडळ ते पडताळतं. त्यात जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. रात्रपाळीच्या मावशींनी कपाटातलं इच्छापत्र वाचून निर्णय घ्यावा, अशी ही रचनाच नाही.

म्हणून दुसरा कागद: उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ हा लेखी निर्णय. वैद्यकीय भाषेत डीएनएआर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणि नमुना अर्ज प्रसिद्ध केला. आजार कोणता आणि सीपीआरचा उपयोग का नाही, हे रुग्णाशी, तो सक्षम नसेल तर निकटच्या नातेवाइकांशी बोलून डॉक्टर नोंदवतात. प्रकृती बदलली की निर्णयाचा फेरविचार होतो. याचा अर्थ बाकी उपचार बंद, असा नाही. वेदनाशामक, ऑक्सिजन, ताप-खोकल्याचं औषध, स्वच्छता, सगळं चालू राहतं. ही तत्त्वं रुग्णालयं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. आश्रमात त्यांचा आधार घ्यायचा तर फॅमिली डॉक्टर, आश्रमाचे डॉक्टर आणि कुटुंब यांची एक बैठक हवी. खर्च, डॉक्टरांची व्हिजिट: ५०० ते १,५०० रुपये. बैठकीत सीपीआरपुरतं थांबू नका. न्यूमोनिया झाला तर रुग्णालयात न्यायचं का, आयसीयू चालेल का, नळीने अन्न द्यायचं का, तेही लिहून घ्या.

असा डॉक्टरांच्या सहीचा कागद फाइलच्या पहिल्या पानावर नसेल, तर कर्मचाऱ्यांनी सीपीआर सुरू करून १०८ लावायचा. मधला मार्ग नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसत असेल तर हे सगळं लवकर उरका. सक्षमता गेल्यावर इच्छापत्र करता येत नाही, मग मंडळं आणि नातेवाइकांची संमती एवढाच मार्ग उरतो.

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सिडनीत, अशी घरं आता पेठापेठांत आहेत. निर्णय घेणाऱ्यांत तासाभरात आश्रमात पोहोचेल असा भाचा, पुतणी किंवा शेजारी असू द्या. परदेशातल्या मुलांनी त्याला आधीच तसं लेखी कळवावं. नाही तर तिकडच्या भावंडांचं एकमत होईपर्यंत इकडे आयसीयूचं मीटर चालू असतं.

रुग्णालयात न्यायचं ठरलं तर

राज्याची १०८ सेवा मोफत आहे. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली आणि त्यांच्यावर डॉक्टर असतो. खासगी रुग्णवाहिकेला शहरात साधी असल्यास १,००० ते २,५०० रुपये, कार्डिॲक असल्यास ३ ते ८ हजार पडतात. आश्रमाने रुग्णवाहिकावाल्याशी करार केला असेल तर त्याचं दरपत्रक मागा. काही आश्रम ‘सोबत माणूस पाठवण्याचे’ वेगळे ५०० ते १,००० रुपये लावतात.

खासगी रुग्णालयात आयसीयूचे दिवसाला १० ते २५ हजार, व्हेंटिलेटर आणि औषधं वेगळी, आणि दारातच पन्नास हजार ते लाखाची अनामत. आणीबाणीत जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांवर ही जबाबदारी टाकली आहे. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळू शकतात. मात्र रुग्णालय योजनेत असावं लागतं. आश्रमाच्या सगळ्यांत जवळचं असं रुग्णालय कोणतं, ते आजच शोधा आणि त्याचं नाव फाइलवर लिहा. आश्रमाचं मासिक शुल्क या योजनेत बसत नाही.

रुग्णालय नकोच असेल आणि आजार कर्करोगाचा असेल, तर मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर इथे विनामूल्य सेवा मिळते. आश्रमात ठेवूनच शेवटची सेवा करायची असेल तर वेदनाशामक उपचारांचे डॉक्टर भेटीला येतील का, आणि आश्रमाला ते चालेल का, हे आधी ठरवा.

करारातल्या चार ओळी

‘कोणत्याही वैद्यकीय घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही’: अशी हमी लिहून घेतली म्हणजे संस्था मोकळी झाली, असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. ही ओळ खोडून त्या जागी संस्था नेमकं काय करेल, ते लिहून घ्या: प्रशिक्षित कर्मचारी रात्री हजर राहील, १०८ लगेच लावला जाईल, नातेवाइकांना अमुक मिनिटांत फोन जाईल.

‘कोणत्याही रहिवाशासाठी सीपीआर केला जात नाही’: सरसकट असं धोरण असेल तर ते आधी कळलं, हे बरंच झालं. पण ते रहिवाशाच्या इच्छेचा पर्याय होऊ शकत नाही. प्रवेशाच्या टेबलावर, इतर दहा कागदांच्या गठ्ठ्यात डीएनएआरवर सही मागितली तर करू नका. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या सहीला अर्थ नाही.

अनामत: बहुधा ५० हजार ते काही लाख. मृत्यू झाल्यास किंवा रुग्णालयात हलवल्यास किती दिवसांत परत, आणि त्या महिन्याचं शुल्क पूर्ण की दिवसाप्रमाणे?

जीएसटी: प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या आश्रमात ६० वर्षांवरील रहिवाशाला महिना २५ हजारांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटीची सूट आहे. खासगी संस्थेत सांगितलेला दर करासह की कराविना, ते विचारा. डायपर, फिजिओथेरपी, खास परिचारिका ही जादा बिलं महिन्याला आठ-दहा हजारांवर सहज जातात.

आश्रमातच मृत्यू झाला तर

मृत्यू झाल्याचं डॉक्टर सांगतात, कर्मचारी नाही. रात्री कोणते डॉक्टर येतील, त्यांचं नाव आणि व्हिजिट फी आधीच लिहून ठेवा. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनाशुल्क द्यायचा असतो, तशी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तरतूद आहे. भेटीची फी वेगळी, दाखल्याचे पैसे वेगळे मागू नयेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. आश्रमाच्या प्रमुखाने ती कळवली की नाही, याची खातरजमा करा.

तक्रार कुठे?

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे देऊन घेतलेली देखभाल ही सेवा आहे, त्यामुळे निष्काळजीपणाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. पूर्णपणे मोफत आश्रमाला मात्र ग्राहक कायदा लागू करणं कठीण. तक्रारीत कागदच बोलतो, म्हणून पावत्या, ड्युटी चार्टचा फोटो आणि फोनच्या वेळा जपून ठेवा.

भेटीला जाताना

शक्य असेल तर रात्री नऊनंतर जा आणि हे प्रश्न व्यवस्थापकांना न विचारता हजर कर्मचाऱ्यांना विचारा:

१. आत्ता इथे जागं कोण आहे, आणि तुमच्याकडे किती जण?
२. शेवटचं सीपीआर प्रशिक्षण कधी झालं? करून दाखवता?
३. ऑक्सिजन चालू करून दाखवा. अंबू बॅग कुठे?
४. १०८ लावायला साहेबांची परवानगी लागते का?
५. सीपीआर नको असलेले रहिवासी कोण, हे तुम्हाला कसं कळतं?
६. गेटची किल्ली रात्री कुणाकडे?

चौथ्या प्रश्नाला ‘आधी साहेबांना फोन करतो’ हे उत्तर आलं, तर बाकी काहीही आवडलं तरी तो आश्रम यादीतून काढा. पहिली मिनिटं त्या फोनमध्येच जातील. पाचव्याला ‘फाइलच्या पहिल्या पानावर असतं’ हे उत्तर मिळालं आणि ताईंनी तसं पान काढून दाखवलं, तर महिन्याला हजार रुपये जास्त द्यायला हरकत नाही.